एक पौंड धान्य आणि वासुदेव बळवंत फडके

पनवेलजवळच्या शिरढोणला १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. तेवढ्या ज्वारीतून जेमतेम सोळाशे कॅलरी मिळतात. खडी फोडणाऱ्या पुरुषाला जवळपास साडेतीन हजार लागतात. डाळ, भाजी, तेल वेगळेच. तूट भरायला शरीर स्वतःचे स्नायू जाळते. हिशेबनिसाला ही वजाबाकी कळली नसती तरच नवल. १८७९ मध्ये रामोशांना घेऊन त्यांनी बंड केले. गरिबांना काम द्या, ही त्यांच्या जाहीरनाम्यातली मागणी होती. जुलैत ते पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले.