स्वरांचे पारखी : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ





आपल्या विद्यालयातील मोठ्या वर्गांत सध्या एका विषयावर फार चर्चा चालते. कोणाचा हेडफोन चांगला वाजतो? एकाला आपल्या हेडफोनमधला ढोल आवडतो, दुसऱ्याला बासरी स्पष्ट ऐकू येते, तिसरा सरळ किंमतच सांगतो. बुरहानपूरच्या बाजारात दोनशे रुपयांचाही हेडफोन मिळतो आणि मोठ्या शहरांत त्याच्या शंभरपट किमतीचेही मिळतात. या चर्चेत आम्हांस वावगे काही दिसत नाही. आवाजाआवाजात फरक असतो आणि तो ओळखता येणे ही एक विद्याच आहे. मात्र ही विद्या यंत्राबरोबर डब्यात बंद होऊन येत नाही, ती कानाला शिकवावी लागते. ज्यांनी आपले सारे आयुष्य एक स्वर दुसऱ्या स्वराशी ताडून पाहण्यात घालविले, अशा एका थोर गवयाचे चरित्र म्हणून या अंकात देत आहोत.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. हे गाव पूर्वी मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते, आता शामली जिल्ह्यात आहे. त्याच गावाच्या नावावरून किराणा घराणे हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. घर गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचे होते. लहानपणी त्यांच्या हाती सारंगी आली.

सारंगीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण खाँसाहेबांच्या कानाची पहिली शाळा तीच होती. सतारीला पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात. सारंगीला यातले काहीच नाही. नखाच्या मुळाशी तार टेकवून स्वराची जागा स्वतः शोधावी लागते. केसभर इकडेतिकडे झाले की स्वर बिघडला. शिवाय मुख्य तारांच्या खाली तीस-पस्तीस बारीक तरफेच्या तारा असतात. वरचा स्वर अचूक लागला तरच त्या आपोआप झंकारतात, नाहीतर गप्प बसतात. म्हणजे चूक झाली हे सांगायला गुरुजींनी समोर बसण्याचीही गरज नाही, वाद्यच सांगते. अशा कडक परीक्षकापुढे ज्याचे बालपण गेले, त्याचा कान कसा तयार झाला असेल याची कल्पना करावी. पुढे ते गायक झाले, पण वीणा, सतार, तबला हेही त्यांच्या हातात होते.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या दरबारी राहिले. तेथे सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी विवाह केला आणि बडोदे सोडले. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. दरबारचा आश्रय सुटला आणि मुंबईमार्गे हे कुटुंब मिरजेच्या परिसरात आले. कैरानाचा हा मुलगा अशा रीतीने महाराष्ट्राचा झाला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांचीच मुले. पुढे पती-पत्नी वेगळे झाले आणि मुले आईजवळ वाढली. तरी तिघांनीही संगीतात मोठे नाव मिळविले.

मिरजेशी त्यांचे नाते जडण्यामागे एक कथा सांगतात. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन त्यांनी गायनाची सेवा केली आणि ते बरे झाले, अशी ती श्रद्धेची गोष्ट आहे. दर्गा आणि संगीत यांचे नाते आपल्या बुरहानपुरास नवीन नाही. आपल्या येथील सूफी संत शाह बहाउद्दीन यांनी तर बाजन हेच उपनाव घेतले होते. पण मिरजेत खाँसाहेबांना आणखी एक गोष्ट लाभली, ती म्हणजे तंबोरे बनविणारे कारागीर.

मिरजेस एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये बनविणाऱ्यांची वस्ती आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे आणून, वाळवून, त्यांवर लाकडी दांडी बसवून येथे तंबोरा तयार होतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवर टेकतात, तिचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवितात. धागा योग्य जागी आला की साधी टणटण जाऊन आवाजात गुंजन उमटते. याला जव्हारी म्हणतात. चांगल्या जव्हारीच्या तंबोऱ्यात एका तारेतून अनेक उपस्वर ऐकू येतात, आणि खर्जाच्या तारेतून तर कोणी न छेडलेला गंधारसुद्धा. थोर वैज्ञानिक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या वाद्यांवर लेख लिहून दाखविले की, साध्या नियमाप्रमाणे जे उपस्वर तारेतून निघायला नकोत, तेही या गोलसर घोडीमुळे निघतात. आमच्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

खाँसाहेब वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते. प्रवासात त्यांच्यासोबत हत्यारे असत आणि बिघडलेले वाद्य ते स्वतः नीट करीत. एवढा मोठा गवई घोडी घासण्याचे काम दुसऱ्यावर सोपवू शकला असता. पण हवा तो आवाज कानात असेल तरच हात तिथपर्यंत पोचतो, आणि तो आवाज त्यांच्या कानात होता.

त्यांच्या या कानाचा उपयोग शास्त्रालाही झाला. सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे श्रुतींचा अभ्यास करीत होते. आपल्या ग्रंथांत एका सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत. त्या खरोखर गळ्यातून निघतात काय, आणि निघत असतील तर त्यांचे माप किती, हा देवलांचा प्रश्न होता. खाँसाहेबांनी स्वर लावायचा आणि देवलांनी तारेच्या यंत्रावर तो मोजायचा, असे हे काम चालले. १९१० मध्ये देवलांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, त्याच सुमारास अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन याने आपल्या घरी पहिले चांगले हेडफोन तयार करून तेथील नौदलाला दिले. तिकडे कानाला लावायचे यंत्र घडत होते आणि इकडे कान हेच यंत्र मानून स्वर मोजले जात होते.

हा फरक किती सूक्ष्म आहे ते गणिताने पाहू. षड्ज २४० कंपनांचा धरला तर नैसर्गिक शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा येतो. हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने तोच गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा निघतो. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण दोन्ही एकदम वाजविले तर आवाजात सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. ब्रिटिश न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी याच अभ्यासावरून श्रुती हार्मोनियम तयार करविला. १९१६ मध्ये बडोद्यास पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथेही श्रुतींचा विषय निघाला. या मापांवर विद्वानांचे एकमत झाले नाही. परंतु वाद मिटविण्यासाठी शेवटी गाणाऱ्याच्या गळ्याकडे आणि ऐकणाऱ्याच्या कानाकडेच जावे लागले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. गरीब मुलांना तेथे ठेवून घेऊन शिकवीत. विद्यालयाचा खर्च ते स्वतःच्या आणि शिष्यांच्या जलशांतून भागवीत. विद्यालय चालविणे म्हणजे काय असते हे आम्ही रोज अनुभवतो, म्हणून त्यांच्या चरित्रातील या भागापुढे आमचे मस्तक विशेष नम्र होते. ती संस्था पुढे बंद पडली, पण विद्या बंद पडली नाही. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, बहरेबुवा, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम असे शिष्य त्यांनी घडविले. सवाई गंधर्वांकडून ती विद्या गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांच्याकडे गेली.

म्हैसूरच्या दरबारातही त्यांचा मोठा सन्मान झाला आणि संगीतरत्न ही पदवी मिळाली. दक्षिणेत गेल्यावर ते केवळ आपले गाणे ऐकवून परत आले नाहीत, तर तेथील कर्नाटक संगीत त्यांनी बसून ऐकले आणि त्यातले घेण्यासारखे आपल्या गाण्यात घेतले. त्यांच्या सरगमवर त्याची छाया दिसते. त्यागराजांची कृतीही त्यांनी गायिली. दुसऱ्याचे चांगले ते ओळखण्यासाठी आधी मन मोकळे ठेवून ऐकावे लागते.

आता हेडफोनची चर्चा करणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी गोष्ट सांगतो. खाँसाहेबांचा आवाज दोन निराळ्या काळांत, दोन निराळ्या यंत्रांवर मुद्रित झालेला आहे. पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि केवळ आवाजाच्या जोराने सुई हलून मेणावर रेघ उमटायची. फार खालचे व फार वरचे उपस्वर त्यात येत नसत, तंबोऱ्याचे गुंजन तर विरूनच जाई. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले. १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या त्या मायक्रोफोनवर. झिंझोटी आणि भैरवीतील त्यांच्या प्रसिद्ध ठुमऱ्या याच काळातील होत. एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावे. आज या दोन्ही काळांतील मुद्रणे ऐकावयास मिळतात. ती एकापाठोपाठ ऐकावी, म्हणजे यंत्र काय देते व काय खाऊन टाकते ते कोणी न शिकविता समजेल.

पण यंत्राची दुसरी बाजूही आहे. भीमसेन जोशी यांनी लहानपणी गदगला दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असे गाणे आपल्याला आले पाहिजे या ध्यासाने त्यांनी पुढे घर सोडले. त्या तबकडीत खरखर असेल, बाजारात गोंगाट असेल. तरीही त्या मुलाच्या कानाने त्यातला स्वर वेचून घेतला. आवाज शुद्ध असावा हे खरेच, परंतु वेचणारा कान नसेल तर शुद्ध आवाजही वाया जातो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाल कोइल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा मिळवून घेतला आणि दरबारी रागाच्या स्वरांत प्रार्थना करीत २७ ऑक्टोबर रोजी त्यांनी देह ठेवला. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गायक-वादक येऊन हजेरी लावतात.

विद्यार्थी मित्रांनो, हेडफोनची तुलना अवश्य करा, पण ती खाँसाहेबांच्या रीतीने करा. एकच गाणे दोन्हींवर ऐकावे. दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला असा भास होतो. किंमत व नाव मित्राने लपवून ठेवावे. मग डोळे मिटून शोधावे : तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या कळतात का? तबला आणि डग्गा एकमेकांत मिसळतात का? गायकाने श्वास कोठे घेतला? लांबविलेला स्वर संपताना कसा विरतो? याची उत्तरे देता येऊ लागली म्हणजे समजावे की कान तयार होत आहे. मग दोनशे रुपयांच्या यंत्रातही पुष्कळ ऐकू येईल.

पालकांना आमची एक विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार मुलांनी अशा साधनांवर ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा, मोठ्यांसाठी ही मर्यादा ८० डेसिबलची आहे. आवाज जितका वाढेल तितका हा वेळ झपाट्याने घटतो. कानाच्या आत अतिशय नाजूक केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तंबोऱ्याची घोडी घासून नीट करता येते, तुटलेली तार बदलता येते, बिघडलेला हेडफोन टाकून नवा घेता येतो. कान मात्र जन्मात एकदाच मिळतात. लग्नाच्या मिरवणुकीत डीजेच्या पुढे नाचतानाही हे ध्यानात असू द्यावे.

आपल्या फोपनारमध्ये एकादशीला भजन होते, टाळ-मृदंग वाजतो, पेटी आणि वीणा असते. त्या भजनास मुलांना आवर्जून न्यावे, पुढे बसवावे आणि पेटी कुठे स्वराला सोडते व गळा कुठे स्वर धरतो ते ऐकण्यास सांगावे. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. खाँसाहेबांसारखा गवई प्रत्येक गावात होणार नाही, परंतु चांगला ऐकणारा प्रत्येक घरात होऊ शकतो, असा आमचा विश्वास आहे.