कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (माहेरच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ व कर्करोग-संशोधक होत्या. स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

शिक्षण

कमल यांचे वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. हुजूरपागेतील शालेय शिक्षणानंतर कमल यांनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करीत असताना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. त्यानंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र, शिकल्या. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

संशोधन

एका प्राण्याचा कर्करोग दुसऱ्यास होऊ शकतो काय, हा त्या काळी मोठा प्रश्न होता. १९३६ मध्ये अमेरिकी संशोधक जॉन बिटनर यांनी दाखवून दिले, की स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जातीची पिल्ले निरोगी जातीच्या उंदरीचे दूध प्यायल्यास त्यांच्यात हा रोग कमी आढळतो. आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा हा घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. रणदिवे यांनी उंदरांच्या निरनिराळ्या जातींवर याच दिशेने काम केले. दुधातून जातो तो विषाणू, गाठ नव्हे. आणि विषाणू शरीरात आला तरी रोग होणे वंश व संप्रेरके यांवरही अवलंबून असते.

कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात रुजण्याची उदाहरणे मोजकी आहेत. कुत्र्यांच्या जननेंद्रियांवरील एक गाठ समागमातून, तर टास्मानियन डेव्हिल या प्राण्याच्या चेहऱ्यावरील गाठ चाव्यातून पसरते. माणसांत मात्र रुग्णाचा स्पर्श, सहवास वा शुश्रूषा यांमुळे कर्करोग होत नाही. यकृतदाहाच्या ब विषाणूसारखे काही विषाणू माणसांत पसरून कालांतराने कर्करोगास कारण ठरतात. त्यांपैकी काहींवर लस उपलब्ध आहे.

अन्य कार्य व सन्मान

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे कर्करोग संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी संशोधन केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी बालकांच्या आरोग्याचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला.