आधी झाडे, मग कारखाना

चिंचवडला आमच्या अंगणात जास्वंदीचे एक झाड होते. सडा-रांगोळी आटोपली की आई ओल्या फडक्याने त्याची पाने पुसायची. शेजारणी हसायच्या. पण फडके पिळले की काळे पाणी निघायचे. घरामागे लोखंडाचे ओतकाम करणारा एक कारखाना होता. त्याच्या भट्टीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर आणि जास्वंदीवर सारख्याच मायेने उतरायची. एका वर्षी कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळले. आई दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

वडील मला सायकलवर पुढे बसवून कधी कधी टेल्कोच्या कुंपणाकडे नेत. आतली दाट झाडी दाखवत आणि मूळगावकर साहेबांचे नाव घेत. वडील त्या कारखान्यात कामाला नव्हते; तरीही ते नाव त्यांच्या तोंडी घरच्या वडीलधाऱ्याचे यावे तसे येई.

सुमंत मूळगावकरांचा जन्म १९०६ चा, मुंबईचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते यंत्र अभियांत्रिकी शिकले. उमेदीची वर्षे त्यांनी सिमेंटच्या उद्योगात घालवली. सिमेंटची धूळ पानावर बसली आणि वर दव पडले, की तिचा कडक पापुद्रा होतो. पानाला ऊन मिळेनासे होते. हे दृश्य त्यांनी किती वेळा पाहिले असेल, याचा मी नुसता विचारच करू शकते. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. १९५४ मध्ये जमशेदपूरला जर्मनीच्या डेम्लर-बेन्झशी करार होऊन मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये तो करार संपला, तोवर आपल्या माणसांच्या हाताला ती विद्या आली होती.

पुण्याचा कारखाना हे त्यांचे खरे स्वप्न. १९६० नंतरच्या त्या दशकात पिंपरी-चिंचवडची ती जागा म्हणजे मुरमाड, उघडा माळ होता. तिथे त्यांनी मालमोटारींच्या आधी माणसे घडवायला आणि यंत्रांची हत्यारे बनवायला सुरुवात केली. आणि इमारतींच्या आधी झाडे लावून घेतली, असे जुने लोक आजही सांगतात. पाणी अडवून तळेही केले. त्या तळ्यावर पुढे दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरू लागले.

हे सारे त्यांनी प्रदूषणाचा विचार करून केले, असा माझा दावा नाही. हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदाच आपल्याकडे १९८१ मध्ये आला. पण जिथे माणसे दिवसभर राबणार, ती जागा उजाड असू नये, एवढी साधी समज त्यामागे असावी.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, तेव्हा आईची जास्वंद का गेली ते उमगले. पानाला बारीक रंध्रे असतात; त्यांतूनच ते श्वास घेते. काजळीने ती बुजतात. कोळसा आणि जड तेल जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड रंध्रांतून आत शिरतो, पानातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो आणि हरितद्रव्य नासवतो. मग शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. सर्वांत आधी हार मानते ते आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल. खोडांवर, खडकांवर वाढणारे हे दगडफूल पॅरिस शहरातल्या झाडांवरून नाहीसे होत चालल्याचे नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच नोंदवले होते.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. झाड धूळ झेलते, पण ते साबण नव्हे. धुराड्याला गाळणी न बसवता भोवती रोपे लावणे म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी दुसरा आजारी बसवणे. वड, पिंपळ, आंबा अशी झाडे पुष्कळ सोसतात, मोगऱ्यासारखी नाजूक झाडे लवकर खचतात. पण सोसण्यालाही अंत असतो.

मूळगावकर १९८९ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. १९९४ मध्ये आलेल्या सुमो गाडीच्या नावात त्यांच्या नावाआडनावाची आद्याक्षरे आहेत, हे ती गाडी चालवणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. त्यांच्यामागे कारखाने चाकणपर्यंत पसरले. कांद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाभोवती शेडमागून शेडी उभ्या राहिल्या. त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली, आमच्याही घरातली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. फक्त क्रम उलटा झाला, एवढेच खुपते. आधी शेड, मग रस्ता, मग रहदारीची धूळ आणि सर्वांत शेवटी, पाहुणे यायचे असले की, खड्ड्यात एक रोप.

ज्या गावाच्या नावातच चिंच आणि वड आहेत, त्याला झाडांची आठवण बाहेरच्याने करून द्यावी लागू नये. गेल्या पावसाळ्यात मी अंगणात पुन्हा जास्वंद लावली आहे. मागची भट्टी केव्हाच बंद झाली. आता धूळ येते ती मोटारींची आणि बांधकामांची. रोज सकाळी मी पाने पुसते. फडके अजून काळे निघते. पण यंदा चार कळ्या उमलल्या.