उपकार मान्य, अंकुश अमान्य : चेल्टनमच्या शाळेतील पंडिता रमाबाई

कॅनडात शिक्षक होऊ पाहणाऱ्या मराठी माणसाला पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे लागते. मायदेशी दहा-दहा वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकाही येथे नव्याने बाकावर बसतात. ऑन्टारिओत बी. एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून चार सत्रांचा झाला असून त्यांतले किमान ८० दिवस प्रत्यक्ष शाळेत, दुसऱ्या शिक्षकाच्या नजरेखाली काढावे लागतात. पाठाची टाचणे, फळ्यावरचे काम, मुलांची शिस्त या गोष्टी अनुभवी माणसाला जमून जातात. अवघड असते ते वेगळेच. डब्यात काय आणावे, टिकली ठेवावी की काढावी, नाताळच्या गाण्यात ओठ हलवावेत की नुसते उभे राहावे, हे कोणत्याही टाचणात लिहिलेले नसते.

कायदाही या बाबतीत दोन तोंडांनी बोलतो. क्वेबेक प्रांताने २०१९ मध्ये सरकारी शाळांत नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांना धर्मचिन्हे धारण करण्यास बंदी घातली. शेजारच्या ऑन्टारिओत सरकारी पैशावर चालणारी कॅथलिक शाळामंडळे शिक्षक नेमताना सर्वसाधारणपणे धर्मगुरूचे शिफारसपत्र मागतात. एकीकडे श्रद्धा झाकून या म्हणतात, दुसरीकडे श्रद्धेचा दाखला घेऊन या म्हणतात. या पेचात सापडलेल्यांनी एका मराठी बाईचे चरित्र पुन्हा वाचावे. १८८४ साली इंग्लंडमधील चेल्टनम लेडीज कॉलेजात ती एकाच वेळी विद्यार्थिनी आणि शिक्षिका होती. डोक्यावरचे छप्पर, ताटातले अन्न आणि हातातले पुस्तक, तिन्ही तिला इतरांच्या कृपेने मिळत होते. आणि तरीही आपली सदसद्विवेकबुद्धी तिने कोणाकडे गहाण ठेवली नाही.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री कट्टर वैष्णव, परंतु स्त्रियांनी संस्कृत शिकावे या मताचे. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. आश्रम मोडल्यावर हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. दक्षिणेतील दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी भ्रमंती करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पुढची चार वर्षे वेगाने उलटली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधन मोडून नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. ती पूर्ण करण्याची सुरुवात स्वतःपासून करावी, वैद्यक शिकावे, असे तिच्या मनाने घेतले. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा राहिला आणि २० एप्रिल १८८३ रोजी मनोरमा व आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह रमाबाई इंग्लंडला निघाल्या.

वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. या संघाच्या भगिनी पुण्यात काम करीत असल्याने ओळख होतीच. व्यवहारही स्वच्छ होता. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात राहणे, जेवण व इंग्रजीचे शिक्षण घ्यावे. पण पहिल्याच वर्षी दोन आघात झाले. कानांना कमी ऐकू येण्याचा विकार बळावल्याने वैद्यकाची वाट बंद झाली. आणि परमुलखात एकुलता आधार असलेल्या आनंदीबाईंनी आपले जीवन संपवले.

याच दिवसांत रमाबाईंच्या मनात श्रद्धेचे मोठे स्थित्यंतर घडत होते. भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातील आपले काम दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे जवळ केले जात होते. आपल्याकडील शास्त्रांत अशा स्त्रीला दंड सांगितलेला त्यांनी वाचला होता, दया कोठे आढळली नव्हती. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवली. नेहेम्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे या, स्वतः ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या पंडितांच्या लेखनाने बुद्धीच्या काही शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी झोड उठवली. इंग्लंडमधील यजमानांना मात्र वाटले, एक आज्ञाधारक शिष्या मिळाली. दोघांचाही अंदाज चुकला.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनमला आल्या. डोरोथिया बील या तेथील प्राचार्या. रमाबाई जन्मल्या त्याच १८५८ साली त्यांनी ही शाळा हाती घेतली आणि १९०६ पर्यंत चालवली. मुलींना गणित आणि विज्ञान शिकवणे हे धाडस समजले जाण्याच्या त्या काळात त्यांनी ते नेटाने शिकवले; माध्यमिक शाळांच्या शिक्षिका घडवणारे निवासी महाविद्यालयही १८८५ मध्ये चेल्टनममध्ये सुरू केले. अशा ठिकाणी रमाबाई संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी साहित्य, गणित व निसर्गविज्ञान शिकत. एका तासाला त्या फळ्यासमोर असत आणि दुसऱ्या तासाला, नीट ऐकू येत नसताना, आपल्याहून कितीतरी लहान मुलींबरोबर बाकावर. ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी सरस्वती म्हटले होते, तिला हे जड गेले असेल. पण शिकण्यात त्यांना कधी कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

कमीपणा वाटावा असे प्रसंग आले ते वर्गाबाहेर. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. मनोरमाही बराच काळ या आजीबाईंच्याच सहवासात वाढत होती. वाँटेज आणि चेल्टनम यांच्या दरम्यान पत्रांची सतत ये-जा चाले आणि त्यांतून रमाबाईंचा दिनक्रम व त्यांचे मन, दोन्ही दिसतात. रमाबाई कट्टर शाकाहारी होत्या. अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. सिस्टर जेराल्डिनना यात जातीचा जुना अभिमान दिसे. ख्रिस्ती झाल्यावर हे सोवळे कशाला, असा त्यांचा सूर. रमाबाईंचे उत्तर विनोदाने सुरू होई आणि ठाम शब्दांत संपे. माझा गर्व ताटात, दुधाभातात आणि पायमोज्यांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा, पण आपल्या लोकांसारखे राहणे आणि ख्रिस्ताला मानणे यांत मला विरोध दिसत नाही, असा त्याचा आशय.

गळ्यात घालायच्या क्रुसाचा वादही असाच. त्यावरचा मजकूर लॅटिनमध्ये होता. कोरायचाच असेल तर तो संस्कृतात का नको, देव लॅटिन अधिक आवडीने ऐकतो काय, असा रमाबाईंचा प्रश्न होता. वरवर तो शब्दांचा वाद वाटतो. मुळात प्रश्न असा होता की श्रद्धा स्वीकारताना ती आणणाऱ्याची भाषा, जेवण आणि रीतही स्वीकारलीच पाहिजे काय?

पुढचा वाद अधिक गंभीर झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघताच मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. परपुरुषांना शिकवणाऱ्या बाईला हिंदुस्थानात मान राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाई संतापल्या. आईने तरुण विद्यार्थ्यांना शिकवले, त्याला वडिलांनी हरकत घेतली नव्हती. आपण शिकवले, त्याला पतीने घेतली नव्हती. आणि आता काही इंग्रज मंडळी हिंदी रीतिरिवाजाच्या नावाने ती घेत होती, याचे त्यांना नवल वाटले. आपल्या देशाची रूढी आपल्यालाच परक्यांनी समजावून सांगावी, हा अनुभव आजच्या अनिवासी वाचकाला अपरिचित नसावा.

सर्वांत खोल मतभेद तत्त्वाचा होता. त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चची मतपत्रे त्यांना जशीच्या तशी मान्य होईनात. बायबल त्या स्वतः वाचत आणि अर्थ स्वतः लावीत. इतर पंथांच्या प्रार्थनांनाही जात. चर्च सांगते म्हणून मान, असा आग्रह झाल्यावर त्यांनी कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्याच्या जोखडात देण्याची आपली तयारी नाही. मनोरमेला काय शिकवावे, यावरही त्यांनी आईचा हक्क सोडला नाही. डोरोथिया बील यांनी या शंकांना पाखंड म्हटले नाही. त्याही शंकांतून गेलेल्या होत्या. त्यांनी दीर्घ पत्रे लिहिली, बरोबरीच्या नात्याने वाद घातला आणि भगिनींनाही धीर धरण्यास सुचवले.

आश्चर्य असे की, एवढे होऊनही आजीबाईंशी नाते तुटले नाही. भांडणाच्या पत्रातही मायना प्रेमाचाच राहिला. आणि ज्यांत आपलाच पराभव पदोपदी दिसतो ती पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी जपून, संकलित करून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस निघाल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. तेथेच त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि गावोगाव व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

येथे चेल्टनमचा प्रश्न उलटा होऊन समोर आला. आता मिंधी बाजू रमाबाईंची नव्हती, त्यांच्या आश्रयाला आलेल्या मुलींची होती. सदनात धर्मशिक्षण नसेल, मुलींनी आपले आचार पाळावेत, असे ठरले होते आणि तसे त्या पाळतही होत्या. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. बोलवायचे नाही, पण आलेल्यांना हाकलायचेही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने टीकेची राळ उडवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजू चेल्टनमशी सुसंगत होती. जे स्वातंत्र्य त्यांनी स्वतःसाठी मागितले, ते मुलींना नाकारणे त्यांना शक्य नव्हते. पण रानडे-भांडारकरांची शंकाही निराधार म्हणता येत नाही. वाद घालायला रमाबाईंजवळ विद्वत्ता होती, वय होते, चार जगांचा अनुभव होता. सासर-माहेरने टाकलेल्या कोवळ्या विधवेला माया लावणारी एकच व्यक्ती असेल, तर त्या व्यक्तीच्या उघड्या दाराचीही ओढ मोठी असते. चेल्टनममध्ये हीच ओढ रमाबाईंनी ओळखली होती आणि तिला तोंड दिले होते. आपल्याबाबत ती कितपत ओळखली, यावर मराठी समाजाचे एकमत आजही झालेले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळाने प्रश्नाचे रूप बदलले. स्वतःचे घर दुष्काळात गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. केडगावचे मुक्ति सदन उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे विणकाम, शेती, छापखाना सारे स्त्रियाच पाहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे शेकडो जणी राहत होत्या. रमाबाई मात्र पांढरे पातळ नेसणाऱ्या आणि शाकाहारीच राहिल्या. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले की इंग्लंडमध्ये आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

परदेशी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या शिक्षिकेला या चरित्रातून तयार उत्तर मिळणार नाही. पण दोन गोष्टी मिळतात. ज्यांनी घरात घेतले त्यांचे ऋण प्रेमाने मानता येते आणि त्याच पत्रात त्यांना नाहीही म्हणता येते, ही पहिली. दुसरी अधिक कठीण. आज परीक्षकाच्या नजरेखाली पाठ देणारी व्यक्ती उद्या स्वतः वर्गाची मालक होणार असते. समोर बसलेले मूलही कोणाच्या तरी घरची श्रद्धा, भाषा आणि डबा घेऊन आलेले असते. आपल्यासाठी जी मोकळीक मागितली ती त्याला आपण देतो का, आणि आपली मायाच त्याच्यावर ओझे होत नाही ना, हे रोज वर्गात शिरताना स्वतःलाच विचारावे लागते.