विश्लेषण : दडपणात मन खंबीर कसे राहते? खाशाबा जाधवांचे आयुष्य काय सांगते

वडसा (देसाईगंज) परिसरात पहाटे उजाडण्याआधी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. सराव अनेक महिने चालतो, निकाल काही मिनिटांत लागतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे आणि गोळाफेकीच्या मोजक्या संधी. गावाकडच्या रस्त्यावर सहज जमलेली वेळ भरतीच्या दिवशी जमत नाही, तेव्हा पाय तेच असतात. बदललेले असते ते मन.

असा कसोटीचा क्षण ज्यांच्या वाट्याला पुन:पुन्हा आला, त्यांपैकी एक म्हणजे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे हे मल्ल पुढे पोलीस खात्यातच अधिकारी झाले. त्यांच्या आयुष्याकडे नुसती जिद्दीची गोष्ट म्हणून पाहिले, तर अर्धेच कळते.

मनाची ताकद म्हणजे नेमके काय?

खेळाच्या मानसशास्त्रात या प्रश्नाची चर्चा करताना गोल्फचे उदाहरण हमखास येते. १८ होलची एक फेरी साधारण चार तास चालते, पण प्रत्यक्ष चेंडू मारण्यात जाणारा वेळ त्यातला अगदी थोडा. उरलेला सगळा वेळ खेळाडू चालत असतो आणि मनात मागचा फटका उगाळत असतो. म्हणूनच चांगले गोल्फपटू प्रत्येक फटक्याआधी ठरलेला क्रम पाळतात. दिशा पाहायची, श्वास सोडायचा, एखाद-दुसरा सरावाचा झोका घ्यायचा आणि मगच चेंडू मारायचा. चुकलेला फटका परत येत नाही. पुढचा तेवढा हातात असतो.

कुस्तीत विचार करायला एवढी उसंत मिळत नाही. नियम मात्र तोच. गेलेला गुण सोडून पुढच्या पकडीकडे लक्ष ज्याला नेता येते, तो टिकतो. मन खंबीर असणे म्हणजे भीती न वाटणे, असा समज आहे. प्रत्यक्षात भीती सगळ्यांनाच वाटते. भीती वाटत असताना हातातले काम चालू ठेवण्याची सवय काहींना असते आणि ती सरावाने लागते.

सुरुवात कुठे झाली?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. पहिले धडे घरच्या तालमीतच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९४२ च्या आंदोलनातही त्यांनी भाग घेतला. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले.

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. तिथे धिप्पाड मल्लांची कमतरता नव्हती. सुमारे साडेपाच फूट उंचीचे आणि हलक्या वजनाचे खाशाबा अंगापिंडाने कोणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हते. त्यांची भिस्त चपळाईवर आणि डावपेचांवर होती. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला फेकणारा ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. ताकदीने वरचढ मल्लासमोर उभे राहायची सवय त्यांना फार लवकर लागली.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये काय घडले?

कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने खाशाबा लंडनला पोहोचले. तोवरची सगळी कुस्ती मातीतली. मॅटवर पाय कसा रोवायचा, गुण कसे मोजतात, पंच कोणत्या पकडीला काय देतात, हे सगळे नवे होते. मातीत चितपट हाच निकाल, तर मॅटवर एकेका गुणाचा हिशेब. तिथे अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले.

फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांना हरवले. इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. मॅटवर नवख्या मल्लासाठी ही कामगिरी मोठीच होती. घरी येऊन तिचे कौतुक ऐकत राहणे सोपे होते. खाशाबांनी मात्र आपण कुठे कमी पडलो ते पाहिले आणि पुढची चार वर्षे त्यावर घालवली. येत्या स्पर्धेत वरचा, ५७ किलोचा बँटमवेट गट त्यांच्यापुढे होता.

आत्मविश्वास येतो कुठून, याचे उत्तर याच चार वर्षांत आहे. स्वतःची समजूत घालून तो येत नाही. जे काम आधी शेकडो वेळा करून पाहिले आहे, त्याच्याबद्दलच मनाला खात्री वाटते.

निवडीतच अडथळा का आला?

हेलसिंकीला जाण्याआधी खाशाबांना पहिली कुस्ती देशातच लढावी लागली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण कमी देऊन डावलले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. प्रतिस्पर्धी निरंजन दास यांच्याशी फेरलढत ठरली. ही मागून मिळवलेली संधी होती. ती वाया गेली असती, तर तक्रारखोर असा शिक्का कायमचा बसला असता. खाशाबांनी ती कुस्ती जिंकली आणि संघात जागा मिळवली.

पुढचा प्रश्न पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. म्हणजे हेलसिंकीच्या मॅटवर उतरताना खाशाबांच्या खांद्यावर देशाच्या नावासोबत एका शिक्षकाच्या घराचेही ओझे होते. असे ओझे माणसाला खचवू शकते आणि आपल्यावर कोणाचा तरी विश्वास आहे, हे आठवून बळही देऊ शकते. खाशाबांच्या बाबतीत दुसरे घडले.

हेलसिंकीत पदक कसे मिळाले?

जुलै १९५२. त्या काळी आजच्यासारखी उपांत्य आणि अंतिम फेरी नसे. पराभवाचे आणि निसटत्या विजयाचे दोषगुण साठत जात. ते ठरावीक मर्यादेला पोहोचले की मल्ल स्पर्धेबाहेर. शेवटी उरलेल्या मल्लांमध्ये पदकांचा निकाल लागे. त्यामुळे एक कुस्ती हरली तरी सगळे संपत नसे आणि जिंकली तरी निश्चिंत होता येत नसे.

खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मित्झ यांना हरवत पदकाच्या टप्प्यापर्यंत मजल मारली. समोर उरले जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामादबेयोव्ह.

इशी यांच्याशी झालेली कुस्ती लांबली, अटीतटीची झाली आणि खाशाबा थोडक्यात हरले. त्यांच्याविषयी पुन:पुन्हा सांगितला जाणारा प्रसंग यानंतरचा आहे. दमलेल्या खाशाबांना लगेच मामादबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून हक्क मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर उतरले आणि हरले.

इशी यांना सुवर्ण, मामादबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या तालमीतले दुसरे मल्ल केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे पदक एका पायरीने हुकले.

जिद्द कमी पडली का?

हेलसिंकीचा प्रसंग बहुतेक वेळा खाशाबांच्या धैर्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. ते खरेच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या अर्ध्या तासात कमतरता मनाच्या ताकदीची नव्हती. नियम माहीत असलेला आणि पंचांसमोर उभा राहणारा एक माणूस तिथे हवा होता. थकलेल्या शरीराला विश्रांती लागते. नुसत्या निर्धाराने ती भरून निघत नाही.

खेळाडू हरला की तो मनाने कच्चा होता, असे म्हणणे सोपे असते. त्याच्या पाठीशी कोण होते, त्याला नियम कोणी समजावले, प्रवास आणि जेवणाची सोय कोणी पाहिली, हे प्रश्न मग विचारावे लागत नाहीत. खाशाबांचे पदक जिद्दीतून आले, तितकेच ते खर्डीकरांच्या गहाण पडलेल्या घरातून आणि गोळेश्वरच्या वर्गणीतूनही आले. जिथे पाठीशी माणूस होता तिथे ते पुढे गेले. जिथे तो नव्हता तिथे थांबावे लागले.

पदकानंतर काय झाले?

कराड स्थानकावर खाशाबा उतरले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गोळेश्वरला घेऊन गेली. एरवी काही मिनिटांची ती वाट मिरवणुकीला कित्येक तास लागले. सत्कार संपल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावल्या, त्या जिंकल्या आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवायला हातभार लावला.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. २७ वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराड येथे रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. खाशाबांना तो मिळाला मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. वैयक्तिक खेळात भारताला पुढचे ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडले. टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी ते मिळवले. कुस्तीतल्या पुढच्या पदकासाठी तर २००८ पर्यंत, म्हणजे ५६ वर्षे, वाट पाहावी लागली.

आजच्या खेळाडूने यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, परीक्षेसारखा सराव. खाशाबांना मॅट प्रथम लंडनमध्ये भेटली आणि त्याची किंमत मोजावी लागली. ज्या मैदानावर, ज्या वेळेला आणि ज्या नियमांनी कसोटी होणार, तशीच तालीम आधी करावी. चार लोकांसमोर वेळ लावून धावून पाहावे.

दुसरी, ठरलेला क्रम. गोल्फपटूसारखा प्रत्येक प्रयत्नाआधी तोच श्वास आणि तीच हालचाल ठेवली, तर घाबरलेल्या मनाला ओळखीची वाट मिळते.

तिसरी, हरल्यावरचा हिशेब. सहावा क्रमांक लागल्यावर काय चुकले, हे शोधले म्हणून चार वर्षांनी तिसरा क्रमांक आला.

चौथी, नियमांची माहिती आणि दाद मागण्याची तयारी. मद्रासच्या निकालावर खाशाबा गप्प बसले असते, तर हेलसिंकी घडलेच नसते.

पाचवी गोष्ट खेळाडूसाठी नाही. ती पालक, प्रशिक्षक, शाळा आणि गावासाठी आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातून एखादी मुलगी वडसा स्थानकावरून रेल्वेने दूरच्या स्पर्धेला निघते, तेव्हा तिला मन घट्ट ठेव, असे सांगणारे पुष्कळ असतात. तिच्यासोबत गाडीत बसणारा, नियमांची पुस्तिका वाचलेला आणि गरज पडली तर पंचांकडे जाऊन तिची अर्ध्या तासाची विश्रांती मागणारा एक तरी माणूस लागतो. १९५२ मध्ये मॅटच्या कडेला तोच नव्हता.