सात पावलांत ६१७४

शिरोली एमआयडीसीतून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही ट्रकच्या पाटीवरचे चार अंक घ्या. फक्त चारही सारखे नकोत. ते उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. शून्य आले तर गाळू नका. उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ हाती येते, आणि पुढे तेच येत राहते.

हे हेरणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२९ मध्ये पदवीधर झाले, पण गणितातले पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत येते. अशा ‘कापरेकर संख्या’ त्यांनी कागद-पेन्सिलीवर शोधल्या.

अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटे. कापरेकरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहा. ६१७४ पर्यंत पोहोचायला बरोबर सात पावले लागतात.