लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म: २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, मृत्यू: २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व यंत्रकार होते. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, पाण्याचे पंप अशी शेतीची यंत्रे त्यांनी भारतात तयार केली. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी वसवली. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे ते संस्थापक मानले जातात.

सुरुवातीचे जीवन

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. शालेय अभ्यासापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांकडे लक्ष्मणरावांचा ओढा अधिक होता. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र रंगांमधील काही भेद आपल्याला ओळखता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक आरेखन आत्मसात केले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते या विषयाचे अध्यापन करू लागले. तेथील कार्यशाळेत त्यांना यंत्रे प्रत्यक्ष हाताळण्याची संधी मिळाली.

नोकरीत असतानाच त्यांनी ज्येष्ठ बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना सायकल चालवण्यास शिकवत. संस्थेत अपेक्षित बढती न मिळाल्याने लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावला परतले.

नांगराची निर्मिती

बेळगावच्या लहानशा कारखान्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि त्यानंतर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्या काळी शेतकरी लाकडी नांगर वापरत. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज असल्याने सुरुवातीला नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. हा अविश्वास दूर होण्यास काही वर्षे लागली.

व्यवसायाचा जम बसत असतानाच नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन व कर्ज देऊ केले. कुंडल रोड रेल्वे स्थानकालगतच्या निवडुंगाने भरलेल्या माळरानावर १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. कामगार व त्यांची कुटुंबेही तेथेच राहू लागली. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही त्यांनी विश्वासाने काम दिले. पुढे रेल्वे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

तोफांचे लोखंड

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंडाची आयात रोडावली आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर करण्यात आले. त्यामुळे कारखाना चालू राहिला आणि शेतकऱ्यांना अवजारे मिळाली. मात्र त्या तोफांची घडण आणि त्यांवरील खुणा कायमच्या नाहीशा झाल्या. जुनी वस्तू मूळ रूपात जपावी की तिचे साहित्य नव्या कामी लावावे, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू या प्रसंगात दिसतात.

पंप, इंजिन आणि मोटर

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराखेरीज उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप यांचे उत्पादन कारखान्यात होऊ लागले. यंत्रांच्या रचनेत शंभोराव जांभेकर यांचा मोठा वाटा होता. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले व उद्योगात सामील झाले.

विहिरीचे पाणी पूर्वी बैलांच्या मोटेने उपसले जाई. अपकेंद्री पंपात फिरणारा पंखा पाण्याला गती देऊन ते वर चढवतो. हा पंखा तेलाच्या इंजिनाने फिरवता येतो, तसाच विजेच्या मोटरनेही फिरवता येतो. त्यामुळे योग्य वेग व शक्ती मिळत असेल, तर चालकयंत्र बदलूनही पंप तोच ठेवता येतो. वीज न पोहोचलेल्या गावात इंजिन उपयोगी पडते, पण त्याला इंधन, वंगण व नियमित दुरुस्ती लागते. मोटरची देखभाल सोपी असते, परंतु ती वीजपुरवठ्यावर अवलंबून असते.

किर्लोस्कर समूहाने या दोन्ही शक्तिसाधनांचे उत्पादन हाती घेतले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. त्या वेळी लक्ष्मणराव ७७ वर्षांचे होते आणि कारभार मुख्यत्वे पुढील पिढीकडे गेला होता.

वारसा

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. किर्लोस्करवाडीतून १९२० साली सुरू झालेले व त्यांचे पुतणे शंकरराव यांनी संपादित केलेले ‘किर्लोस्कर’ मासिक मराठी वाचकांत लोकप्रिय झाले.

जुन्या मोटारगाड्यांची मूळ इंजिने दुरुस्त करून चालती ठेवावीत की त्यांत विजेच्या मोटरी बसवाव्यात, हा आजचा वाद लक्ष्मणरावांच्या हयातीनंतरचा आहे. त्यांचा व्यवसाय मात्र या दोन्ही वाटांच्या जवळून गेला. सायकलींच्या व्यवसायात त्यांनी जुनी यंत्रे दुरुस्त करून चालती ठेवली, तर तोफांच्या बाबतीत मूळ वस्तू मोडून नवी घडवली. त्यांच्या कारखान्याचे पंप इंजिनावर आणि मोटरवरही चालू शकत, म्हणून शक्तिसाधन बदलले तरी शेतकऱ्याला संपूर्ण यंत्र टाकून द्यावे लागत नसे.